माफी मिळाल्यावर उरलेलं काम

माझ्या नवऱ्याशी मी सगळ्यात जास्त भांडले असेन ते माफीवरून. भाजीत मीठ कमी, नणंदांचं येणं-जाणं, शेतातल्या कामांची वाटणी यावरून सगळ्या घरांत होतात तशी भांडणं आमच्याकडेही झाली. ती चहा उकळेपर्यंत विरायची. माफीचं भांडण मात्र सात-आठ वर्षं चाललं, आणि त्यात आपण कधी हरू असं मला एकदाही वाटलं नव्हतं.

माझं माहेर यवतमाळचं. वडील सरकारी कचेरीत होते, त्याआधी आजोबाही. घरी देवघर होतं, सणवार होते, पण खरा धर्म होता तो सहीचा. वडील कागदावर सही करण्याआधी तो तीनदा वाचायचे आणि एकदा केली की कितीही वर्षांनी कोणी विचारलं तरी उत्तर द्यायला तयार असायचे. 'खालच्या माणसानं चूक केली' असं त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. मी त्यांची मुलगी. लग्न होऊन खेड्यात आले ती हा तोरा सोबत घेऊनच आले.

गाव घाटंजीपासून जवळ. कोरडवाहू शेती, कापूस आणि मधे तुरीच्या ओळी. नवरा स्वभावाने गरीब आणि गाण्याचा वेडा. ढोलकी ऐकू आली की हातातला घास टाकून उठायचा. घाटंजीला बाजाराच्या दिवशी एका पत्र्याच्या खोलीत ख्रिस्ती मंडळींची प्रार्थना चालायची. त्यांच्याकडे पेटी होती, ढोलकी होती, पण ढोलकी वाजवणारं कोणी नव्हतं. हा आत शिरला. पहिल्या आठवड्यात वाजवून आला, दुसऱ्या आठवड्यात गाऊन आला आणि वर्षभराने बाप्तिस्मा घेऊन आला.

"तुम्ही तर ढोलकी वाजवाले गेलते ना?" मी कमरेवर हात ठेवून विचारलं.

"वाजवता वाजवता ऐकू आलं वं," तो म्हणाला.

मी पाय आपटत चुलीकडे वळले.

मी बाप्तिस्मा घेतला नाही, आजवर नाही. त्यानेही कधी आग्रह केला नाही. माझे देव एका भिंतीला, त्याचा क्रूस दुसऱ्या भिंतीला, मधे धान्याची कोठी. त्याचं मला काहीच नव्हतं. मला खुपायचं ते वेगळं.

एकदा याने वासरू नीट बांधलं नाही. ते सुटलं आणि शेजाऱ्याची मिरचीची रोपं साफ करून आलं. संध्याकाळी हा भिंतीकडे तोंड करून, डोळे मिटून बसला. पाच मिनिटांनी उठला तो चेहरा अगदी धुतल्यासारखा.

"झालं," म्हणाला.

"काय झालं?"

"प्रभूजवळ कबूल केलं. माफ झालं."

माझं टाळकंच सरकलं. "अहो, मिरच्या कोणाच्या खाल्ल्या? प्रभूच्या का शेजाऱ्याच्या?"

दुसऱ्या दिवशी गेला बिचारा. शेजाऱ्याशी बोलून, नवी रोपं लावून देऊन आला. पण मी धाडलं म्हणून गेला, असं माझं ठाम मत. त्यानंतर मला एक हत्यारच मिळालं. हा काही विसरला, काही सांडलं, कुठे उशीर केला की मी सुरू. "तुमचा धर्म म्हणजे मोठी सोय आहे हो! सहा दिवस मळवायचं, रविवारी धुवायचं. आम्हाला बाई अशी सोय नाही. आमचं आम्हाला निस्तरावं लागतं." तो हसायचा. कधी समजावायला जायचा की मार बसणार हे ठाऊक असलं की माणूस चूक लपवतो, माफी आहे हे ठाऊक असलं की बोलायला धजतो. मी म्हणायचे, ही शुद्ध लबाडी आहे. माणसाला भीती पाहिजे. भीती असली की माणूस सरळ चालतो. आमच्या घरी सगळे सरळ चालले ते भीतीनेच, आणि त्यात मला काही वावगं वाटत नव्हतं.

तर असं चाललेलं असतानाच ती कापसाची वाईट वर्षं आली. लोक त्या वर्षांचं बोलतात तेव्हा भावाचं बोलतात. मला आठवतो तो वास. कीटकनाशकाला आमच्याकडे औषधच म्हणतात, आणि त्या औषधाचा वास त्या वर्षांत कशाकशाला म्हणून नव्हता! नवऱ्याच्या सदऱ्याला, दोरीवरच्या टॉवेलला, बैलाच्या झुलीलासुद्धा. आधी तुडतुडे, मग पांढरी माशी, मग बोंडात शिरणारी ती गुलाबी अळी. एक फवारा झाला की आठ दिवसांत दुसरा. दुकानदार नवी बाटली काढून ठेवायचा आणि लोक घेऊन यायचे.

आख्खी बाटली एका घराला परवडायची नाही आणि लागायचीही नाही. म्हणून गावात दोन घरं मिळून एक बाटली आणायची पद्धत होती. खोक्यासकट, छापील कागदासकट बाटली एका घरी राहायची, आणि दुसऱ्या घराचा अर्धा वाटा दारूच्या रिकाम्या पव्व्यात ओतून यायचा. आमच्या घरी पिणारं कोणी नव्हतं, पण पव्वे गावात मागाल तितके. बाटलीवर विषाच्या जोराप्रमाणे रंगाची खूण असते. निळी असली तर त्यातल्या त्यात सौम्य, लाल असली तर जहाल. पव्व्यावर कसली खूण? त्यावर दारूचंच चित्र. कोणत्या पव्व्यात काय आहे, हे फक्त नवऱ्याच्या डोक्यात.

पोळ्याच्या आधी मी गोठा झाडायला घेतला. भिंतीतल्या कोनाड्यात, छताजवळ, असे दोन पव्वे होते. दोन्ही अर्धे. दोन्हीत तेच दुधट पिवळं पाणी. मला पसारा सहन होत नाही, हा माझा जुना रोग. तेलाच्या दोन अर्ध्या बरण्या दिसल्या की आपण एक करतो ना, तसं मी केलं. एकातलं दुसऱ्यात ओतलं, बूच घट्ट लावलं, रिकामा पव्वा उकिरड्यावर फेकला आणि कोनाडा ओल्या फडक्याने पुसून घेतला. नवऱ्याला सांगायचं राहून गेलं. त्यात सांगण्यासारखं काही आहे असंच वाटलं नाही. गोठा स्वच्छ झाला म्हणून मी खूश होते.

फवाऱ्याला आमच्याकडे एकच माणूस ठरलेला. तिशीतला, काडीसारखा, आणि तोंड एक मिनिट बंद नाही. पंप पाठीवर घेऊनसुद्धा त्याच्या गप्पा चालू. मला वहिनी म्हणायचा, नवऱ्याला भाऊ. त्याची बायको माझ्यासोबत निंदणाला यायची. बोलणं त्याच्या वाट्याला आणि ऐकणं तिच्या वाट्याला, असा त्यांचा संसार. पोळा होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. नवऱ्याने सकाळी कोनाड्यातला पव्वा काढून त्याच्या हाती दिला, एका पंपाला दोन झाकणं टाकजो म्हणून सांगितलं आणि स्वतः बैल घेऊन दुसऱ्या तुकड्यात गेला. आपण देतोय ते तुडतुड्यांवरचं निळ्या खुणेचं औषध आहे, अशी त्याची खात्री होती. दुसरा पव्वा लाल खुणेचा, अळीसाठी ठेवलेला. कोनाड्यात एकच दिसला तेव्हा त्याला वाटलं, लाल कोणीतरी उचलून वर आडव्या फळीवर ठेवला असेल. हातातला पव्वा अर्ध्याचा भरलेला झालाय हे घाईत त्याच्या लक्षातच आलं नाही.

त्या वर्षी कापूस माणसाच्या डोक्यावर गेला होता. अशा पिकात फवारा मारायचा म्हणजे तोंडावरच घेण्यासारखं. तोंडाला एक रुमाल, अंगात जुना सदरा, पाय उघडे. दुपारी जेवायच्या वेळेला त्याची बायको ओरडत आली. आम्ही धावलो. तो धुऱ्यावर, शेताच्या बांधावर पडला होता. तोंडातून फेस, अंग घामाने निथळलेलं, श्वास घरघरतोय. इतका बडबड्या माणूस, आणि नुसते ओठ हलताहेत. नवऱ्याने त्याच्या पाठीवरचा पंप सोडवला, सदरा काढला, अंगावर पाणी ओतलं आणि त्याला खांद्यावर घेऊन रस्त्याकडे पळत सुटला. बायको त्याच्या मागे.

मी मागे राहिले. गवतात तो पव्वा पडला होता. मी बूच घट्ट लावलेला, काठोकाठ भरलेला, आता निम्मा झालेला. काठोकाठ का होता हे जगात एकट्या मला माहीत होतं. आणि मग मी काय केलं, तर तो पव्वा पायाने ढकलून धुऱ्याच्या झुडपात घातला. कोणी सांगितलं नव्हतं, विचारही केला नव्हता. पाय आपोआप उचलला गेला. सहीच्या घरातली मुलगी!

मी पळत रस्त्यावर पोचले, काळी-पिवळी जीप मिळाली, सगळ्यांनी यवतमाळ गाठलं. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते, सकाळपासून उभे असावेत असा चेहरा. त्याला आत घेतलं. त्याच्या बायकोला खाली चिठ्ठी काढायच्या रांगेत पाठवलं. डॉक्टरांनी नवऱ्याला विचारलं, "कोणतं औषध होतं?"

नवऱ्याने निळ्या खुणेच्या औषधाचं नाव सांगितलं. आणि विचारलं नसताना पुढे म्हणाला, "चूक माही हाय सायेब. मीच देल्लं. शिशीवर कागद नव्हता, त्याच्या तोंडाले नीट कपडा नव्हता, मी पाह्यलं नाई. माह्या वावरात झालं. काय लिहाचं ते माह्या नावानं लिहा."

लिहायला लाज वाटते, पण त्या क्षणी मला हलकं वाटलं. आत काहीतरी म्हणालं, बरं झालं, घेतलं याने अंगावर. याला काय, माफ करणारा आहेच याचा. ज्या गोष्टीवरून मी या माणसाला सात-आठ वर्षं टोचून खाल्लं, तीच मी दोन क्षणांत स्वतःच्या सोयीला वापरली. आणि त्याला पत्ताही नव्हता.

डॉक्टर आत जाऊन पुन्हा बाहेर आले. कपाळाला आठ्या. "हे जुळत नाहीये," म्हणाले. "डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्यात, छातीत पाणी झालंय. एकट्या त्या औषधाने असं होत नाही. त्यात आणखी काही होतं का? नीट आठवा. मी अंधारात चाचपडतोय, आणि याच्याकडे तेवढा वेळ नाही."

"नाई सायेब. एकच होतं. देवाशपथ एकच होतं," नवरा म्हणाला. तो खरं बोलत होता. जे त्याला माहीत होतं ते सगळं त्याने सांगितलं होतं, आणि ते सगळं चुकीचं होतं.

डॉक्टर आत गेले. नवरा भिंतीला टेकून खाली बसला आणि त्याने डोळे मिटले. झालं सुरू, असं मला वाटलं. इतक्या वर्षांची सवय, रागही आला. मग त्याचं पुटपुटणं कानावर पडलं. "प्रभू, माह्याकून काय राह्यलं असन ते मले दाखव. मी काय चुकलो ते आठवून दे. मी सांगतो. फक्त आठवून दे."

त्याला बरा कर असंही हा म्हणत नव्हता. स्वतःची चूक शोधत होता. सकाळपासूनचं एकेक आठवून, जिथे त्याची चूक नव्हती तिथे ती उकरून काढायला बसला होता. आणि ती चूक त्याच्या शेजारी पदर तोंडाला लावून उभी होती.

मला भीतीनेच बोलायला लावायला पाहिजे होतं, माझ्या हिशेबाने. पण भीती तर मला दुपारपासून वाटतच होती. भीतीनेच पव्वा झुडपात ढकलला होता. भीतीनेच तोंड शिवलं होतं. पोलीस येतील, गावात नाव होईल, माहेरी कळेल. माझ्या त्या लाडक्या भीतीने मला एक पाऊल सरळ चालवलं नाही. मला उठवलं ते दुसऱ्याच गोष्टीने. त्या भिंतीशी बसलेल्या माणसाकडे बघून मला एवढं कळलं की मी काहीही सांगितलं तरी हा मला टाकणार नाही. हे कळलं आणि पाय हलले. एवढंच. यापेक्षा मोठं मला तेव्हा काही समजलं नाही आणि आजही फारसं समजतं असं नाही.

मी आत गेले. नर्स अडवत होती, तिला बाजूला केलं. "डॉक्टर, दोन औषधं आहेत. मी एकात ओतली होती. यांना माहीत नाही."

"दुसरं कोणतं?"

मला नाव कुठलं माहीत असायला! मी दारातून ओरडले, "अहो! लाल खुणेच्या औषधाचं नाव काय?"

नवऱ्याने डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं. त्याला एका क्षणात सगळं कळलं, ते मी त्याच्या तोंडावर पाहिलं. त्याने उभं राहून नाव सांगितलं, स्पष्ट, दोनदा. डॉक्टरांच्या तोंडून एक शिवी निघाली आणि मग नुसती धावपळ. नर्स, सुया, नळ्या. पडदा ओढता ओढता डॉक्टर मला म्हणाले, "एवढा वेळ काय तोंड शिवून बसल्या होत्या?"

"हो," मी म्हणाले.

नंतर दवाखान्यातल्या चौकीत पोलिसांनी जबाब घेतला. मी सगळं सांगितलं, पव्वा पायाने ढकलला तेही सांगितलं. जबाब लिहिणाऱ्या हवालदाराने वर बघून विचारलं, "हे लिहू?" लिहा म्हटलं. खाली सही केली. केल्यावर पहिल्यांदा पोटभर श्वास आला. नवऱ्याचाही जबाब झाला. बिनकागदाच्या पव्व्याचं खापर त्याने स्वतःकडे ठेवलंच. ते मी त्याच्याकडून काढून घेऊ शकले नाही, कारण ते होतंच त्याचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या फवारणाऱ्याने डोळे उघडले. आम्ही तिघं खाटेभोवती. त्याने सगळ्यांकडे एकेकदा पाहिलं, ओठ ओले केले आणि विचारलं, "पंप कुठी हाय?"

अरे बाप्पा! माणूस मरणाच्या दारातून येतो आणि पंप विचारतो. नवरा हसायला लागला, हसता हसता रडायला लागला. मी त्याच्या हातावर चापट मारली की दवाखाना आहे, हळू. आणि मलाच हुंदका आवरेना. फवारणाऱ्याची बायको मात्र तशीच उभी. तिने पदराने त्याचा घाम पुसला आणि खाली बसली. मला वाटलं, थकली असेल.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, आता काळजीचं कारण नाही, पण अजून आठवडाभर राहावं लागेल. आम्ही दोघं खाली टपरीवर चहा घ्यायला गेलो. दोन दिवसांत आमचं त्या विषयावर एक अक्षर बोलणं झालं नव्हतं. मी कपाकडे बघत म्हणाले, "तुम्ही मले काही म्हटलं नाही."

"काय म्हणू?"

"काहीही. शिव्या द्या. एवढी वर्षं मी तुम्हाला देत आली."

"माह्याकून कवाच माफ झालं वं," तो म्हणाला आणि बशीत चहा ओतला. "तू दारातून ओरडली ना, तवाच."

मी डोळे पुसले. इतकं सुटल्यासारखं वाटलं की काय सांगू. कपात अर्धा चहा होता, तो संपवला, पदर सारखा केला आणि म्हणाले, "चला मग. तुम्ही थांबा इथं, मी दुपारच्या एसटीनं गावाले जातो. बैलांचं कोण पाहील?"

"तिले सांगितलं?"

"कोणाले?"

"त्याच्या बायकोले."

मला ऐकू आलं होतं, पण मी ऐकू न आल्यासारखं केलं. मग म्हणाले, "डॉक्टरांना सांगितलं, पोलिसांना सांगितलं. तो बरा होऊन राह्यला. आता तिले सांगून कायले तिच्या जिवाला घोर? झालं गेलं."

"ते डॉक्टरचं काम होतं, ते झालं. पोलिसाचं काम होतं, ते झालं," तो म्हणाला. "तिचं राह्यलं."

"तुमच्या प्रभूनं माफ केलं ना?"

"केलं."

"मग?"

"मग काय? माफ झालं म्हणून तं जाता येते. नाई तं कोणाचा पाय उचलला असता?" बशी खाली ठेवून तो माझ्याकडे बघत राहिला. हसत नव्हता. "मी संगं येतो. पण बोलाचं तुलेच लागन."

मी चिडले. चिडणारच. चुकीच्या माणसावर चिडायची मला सवयच आहे. म्हटलं, तुम्ही मला आता शिकवता? सहा दिवस मळवणारे तुम्ही? त्याने टपरीवाल्याला पैसे दिले आणि जिन्याकडे चालू लागला. हा माणूस ज्या देवाकडे जातो तो देव चुका पुसून माणसाला ढिलं करतो, असं मी छातीठोकपणे सांगत आले. आणि तो पुढे चाललाय आणि मी मागे पाय ओढत येतेय, आणि सबबी माझ्याजवळ आहेत, त्याच्याजवळ एकही नाही. जिन्यातच मी मनातल्या मनात म्हटलं, बरं बाबा, हरले.

ती वॉर्डाच्या बाहेर, व्हरांड्यात भिंतीशी बसली होती. गावाहून कोणीतरी आदल्या दिवशी तिच्यासाठी डबा आणून दिला होता, तो तिने उघडलाच नाही. त्या सकाळी मी यवतमाळातच राहणाऱ्या बहिणीच्या घरून भाकर-भाजीचा डबा आणला होता, तोही तसाच शेजारी. विचारलं तर मान हलवायची. नवरा चार पावलं मागे थांबला. मी तिच्यासमोर खाली बसले. सांगायला कसं सुरू करावं हे ठरवून आले होते, ते सगळं विसरले.

"बाई," मी म्हणाले, "तुह्या नवऱ्याचं जे झालं ते माह्यामुळं झालं. गोठ्यात दोन औषधं होती. मी न विचारता एकात ओतली. सांगितलं नाही. तो पडला तेव्हा मला कळलं होतं, तरी मी शिशी लपवली. दवाखान्यातही वेळ घालवला. उशीर झाला तो माझ्यानं झाला."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता थोबाडीत बसेल, आणि बसली असती तर मी गाल पुढे केला असता असं नाही, मला रागच आला असता. पण मग तिने माझा दंड धरला. इतका घट्ट की नखं रुतली.

"त्या दिवशी त्याइचं डोकं दुखून राह्यलं होतं वहिनी," ती हळू म्हणाली. "नाई जात म्हणत होते. मीच म्हटलं, घरी बसून काय करता, उठा, जा. मी पाठीमांगं लागून धाडलं. तीन दिवस झाले, मले हेच दिसते. मी धाडलं. मीच मारलं असतं त्याइले."

तीन दिवस आम्ही एका खाटेभोवती उभ्या होतो आणि तिच्या चेहऱ्यावरचं हे मला थकवा वाटलं होतं.

"म्हंजे माह्या धाडण्यानं नाई झालं?" तिने विचारलं.

"नाही वं. रोजच्यासारखं धाडलं तू. माह्या ओतण्यानं झालं."

"खरं सांगता?"

"खरं. सही करून देल्लं मी."

तिने माझा दंड असा झटकला की माझं कोपर भिंतीला लागलं. मग ती रडली. तीन दिवसांत पहिल्यांदा, मोठ्याने, आख्खा व्हरांडा वळून बघेल अशी. मी तिच्या पाठीवर हात ठेवायला गेले, तर तोही तिने झटकला. रडून झालं, नाक पुसलं, आणि माझ्याकडे न बघता हात पुढे केला.

"आणा तो डबा इकडं."

मी सकाळचा माझा डबा दिला. ती माझ्याकडे पाठ करून बसली आणि जेवली. दोन्ही भाकरी, सगळी भाजी, शेवटी डब्याच्या कडा बोटाने पुसून.